लागला का?

आमच्या रिसोडात आयपीओ ‘लागतो’. नोकरी लागते, लॉटरी लागते, बोअरला पाणी लागतं, तसा आयपीओ लागतो. पुण्या-मुंबईच्या माणसाशी फोनवर बोलताना मी ‘अलॉटमेंट’ म्हणतो, पण फोन ठेवला की समोरच्या गिऱ्हाइकाला विचारतो, “लागला का?” लागला म्हणजे नशीब उघडलं, असं आम्ही धरूनच चाललेलो असतो. बरेचदा ते उलटं असतं हे ध्यानात यायला मला सत्तावीस वर्षं लागली. आणि ते सगळं माझ्याच वहीत, माझ्याच अक्षरात लिहून ठेवलेलं होतं.

बसस्टँडजवळ माझा दहा बाय बाराचा गाळा आहे. विमा, पोस्टाची ठेव, पॅन कार्ड, सातबारा, झेरॉक्स आणि शेअरचे फॉर्म असा सगळा मिळून धंदा. यातल्या शेवटच्या कामाने घर कधी चाललं नाही, पण दुकानात गर्दी मात्र त्यानेच केली.

सुरुवात १९९४ ची. वाशीम जिल्हा व्हायला अजून चार वर्षं होती, आमचं जिल्ह्याचं गाव अकोला. बी.कॉम. होऊन मी रिकामाच होतो. ओळखीने अकोल्याच्या एका सबब्रोकरकडे जायला लागलो. तो कोऱ्या फॉर्मांचा गठ्ठा द्यायचा, प्रत्येकावर त्याचा शिक्का. शिक्क्याचा फॉर्म बँकेत जमा झाला की त्याला दलाली, आणि त्यातली चिमूट मला. गठ्ठा पातूर, मेडशी, मालेगाव करत एसटीने रिसोडला यायचा आणि भरलेले फॉर्म चेकसकट त्याच वाटेने परत जायचे, कारण पैसे घेणारी बँकेची शाखा अकोल्यात होती.

१९९२ पर्यंत कंपनीने शेअर किती रुपयांना विकायचा हे सरकारचं कंट्रोलर ऑफ कॅपिटल इश्यूजचं कार्यालय ठरवत असे. ते कार्यालय बंद झालं आणि किंमत लावायची मोकळीक कंपन्यांना मिळाली. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या हाती कायद्याचे अधिकार त्याच वर्षी आले होते. बांध फुटल्यासारख्या कंपन्या आल्या. कोणी कोळंबी वाढवून जपानला पाठवणार होतं, कोणी गुलाब हॉलंडला, कोणी ग्रॅनाइट कापणार होतं. रिसोडात तोवर कोळंबी कोणी पाहिलीही नव्हती. तरी फॉर्म भरले गेले, कारण फॉर्मवर चित्र छान होतं आणि भरून घेणारा मी ओळखीचा होतो.

मी स्वतः कोळंबीवाल्यांचे दोनशे शेअर घेतले. दहा रुपये दर्शनी किंमत आणि वर पाच रुपये अधिमूल्य, म्हणजे तीन हजार रुपये. तेव्हाची माझी चार-पाच महिन्यांची कमाई. सर्टिफिकेट आलं, फार देखणं, कडेने वेलबुट्टी. त्यानंतर काहीच आलं नाही. मी पाठवलेलं रजिस्टर पत्र ‘लेफ्ट’ असा शेरा घेऊन माघारी आलं. पुढे केंद्र सरकारने अशा गायब झालेल्या कंपन्यांची यादी केली, तीत दोनशेहून जास्त नावं निघाली. माझी कंपनी त्यात नव्हती. गायब व्हायलाही आधी काहीतरी असावं लागतं.

त्याच दिवसांत एक गोष्ट समोर घडत होती. नावाजलेल्या कंपनीला अर्ज केला की महिना-दोन महिन्यांनी रिफंड ऑर्डर यायची. कोळंबी-गुलाबवाल्यांचे शेअर मात्र मागितले तेवढे, पुरेपूर लागायचे. एक मास्तर तर पेढे घेऊन आले होते. मीही खाल्ले.

वही सुरू केली ती २००८ मध्ये, आणि तीही भांडणामुळे. जानेवारीत रिलायन्स पॉवरचा इश्यू आला. तसा गोंधळ मी त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही फक्त एकदाच पाहिला. किमतीचा पट्टा ४०५ ते ४५०, लहान गुंतवणूकदाराला २० रुपये सूट. अर्जासोबत शेअरमागे ११५ रुपये भरले तरी चालणार होते, बाकीचे शेअर लागल्यावर. उभा वीजप्रकल्प कंपनीकडे अजून एकही नव्हता, सगळे व्हायचे होते. ही गोष्ट काही लपवलेली नव्हती, कंपनीच्या माहितीपत्रात छापलेली होती. पण भारनियमनाने गांजलेल्या गावात ‘पॉवर’ हा शब्दच पुरेसा होता. देशभरातून सुमारे ७३ पट मागणी आली. १८ जानेवारीला इश्यू बंद झाला आणि २१ तारखेला सेन्सेक्स एका दिवसात १४०० अंकांनी कोसळला. पैसे खात्यातून आधीच निघून गेले होते. ११ फेब्रुवारीला शेअर बाजारात आला, वर उघडून ५४७ पर्यंत दिसला आणि संध्याकाळी ३७२ वर बंद झाला.

मग कोण किती अर्ज करून गेला होता, कोणाच्या नावावर कोणाचे पैसे होते, यावरून दुकानात वाद. दोन भावांचं तर बोलणं बंद झालं. एकाने आईच्या नावाने भरला होता, पैसे दुसऱ्याचे होते. दुसऱ्या दिवशी मी किराण्यातली खतावणी असते तशी लाल कापडाची वही आणली. रकाने पाच: नाव, कंपनी, किती मागितले, किती लागले, पुढे काय झालं. शेवटचा रकाना मी उगीच आखला होता. बरीच वर्षं तो रिकामाच राहिला.

मधल्या काळात काम सोपं होत गेलं. पैसे खात्यातून न जाता तिथेच अडकून राहायची सोय झाली, मग २०१९ पासून मोबाइलवरच्या यूपीआयने अर्ज व्हायला लागले. लोकांच्या दृष्टीने ही चांगलीच गोष्ट, त्यांचं व्याज वाचलं. मला मात्र एक फरक जाणवला. पूर्वी चेकवर सही करताना माणूस क्षणभर थांबायचा, बायकोकडे बघायचा. आता मँडेट आलं की अंगठा लावला, संपलं. “पैसे तर खात्यातच हायेत ना भाऊ,” असं म्हणत लोक अर्ज करतात. लागला की ते खात्यात नसतात, याची आठवण तेव्हा कोणालाच नसते.

आता २०२१ चा नोव्हेंबर. करोनाच्या दोन वर्षांत घरी बसलेल्या पोरांनी डिमॅट खाती उघडली होती. एका घरात सहा-सहा खाती: बाप, आई, दोन पोरं, सून, आजी. मोबाइल एकच. यात माझाही हात होता. एका खात्याला लॉटरीत एकच संधी मिळते, म्हणून मीच सांगायचो, “काकूंच्या नावानेही उघडा, चान्स वाढतो.” प्रत्येक नव्या खात्यामागे मला पैसे मिळत होते, हे मी त्यांना सांगत नव्हतो.

त्या एका महिन्यात तीन इश्यू पाठोपाठ बाजारात आले. नायका: भाव ११२५, लहान गुंतवणूकदारांच्या वाट्यासाठी सुमारे १२ पट मागणी. लेटंट व्ह्यू नावाची चेन्नईची कंपनी: भाव १९७, आमच्यासारख्यांच्या वाट्याला सुमारे ११९ पट. आणि पेटीएम: भाव २१५०, तोवरचा देशातला सगळ्यात मोठा इश्यू, १८,३०० कोटींचा. पेटीएमचा आवाज रिसोडला पोहोचलेला होता. चहावाल्यापासून कृषी केंद्रापर्यंत गल्ल्यावर चौकोनी कोड लागलेले, तेव्हा ‘ही कंपनी कोणती’ असं विचारायची गरजच पडली नाही. तिथे लहान गुंतवणूकदारांची मागणी जेमतेम दीडपटीच्या थोडी वर गेली.

लेटंट व्ह्यू माझ्या वहीतल्या कोणालाच लागला नाही. नायका एका मुलाला लागला. पेटीएम बहुतेकांना.

नायका पहिल्याच दिवशी दोन हजारांवर उघडला. लेटंट व्ह्यू ५०० च्या वर. पेटीएम १८ नोव्हेंबरला बाजारात आला आणि संध्याकाळी १५६० च्या घरात बंद झाला, म्हणजे एका दिवसात २७ टक्के खाली. त्या रात्री मी वही घेऊन बसलो, आणि २००८ पासूनचा चौथा आणि पाचवा रकाना पहिल्यांदा एकत्र वाचला. जिथे जिथे सगळ्यांना लागला होता, तिथे तिथे पुढच्या रकान्यात काहीतरी रडगाणं होतं किंवा रकानाच रिकामा होता. जिथे भाव दुप्पट झाला, तिथे चौथ्या रकान्यात ओळीने ‘नाही, नाही, नाही’.

पुढे कळलं की ही गोष्ट केव्हिन रॉक नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९८६ मध्येच मांडून ठेवलेली आहे. माल चांगला की वाईट हे ज्यांना आतून कळतं, ते चांगल्या इश्यूवर तुटून पडतात, वाईटाकडे फिरकत नाहीत. मग ज्याला काही कळत नाही त्याच्या वाट्याला चांगल्यातलं चिमूटभर येतं आणि वाईटातलं घमेलंभर. ‘जिंकणाऱ्याचा शाप’ म्हणतात म्हणे याला. मास्तरांचे पेढे मला तेव्हा आठवले.

खरं म्हणजे आमच्या लोकांना हे शिकवायला अमेरिकेतला प्राध्यापक कशाला हवा? सप्टेंबरात नवं सोयाबीन बाजार समितीत येतं. पहिल्या गाडीची पूजा होते, नारळ फुटतो, शेतकऱ्याला शेला-टोपी मिळते, आणि हर्रासात भाव पुकारला जातो तो शुभाचा, अकरा हजार एक असा काहीतरी. फोटो निघतो, पेपरात येतो. तो भाव त्या दोन-चार क्विंटलांपुरता. दुसऱ्या दिवसापासून आडत्या दाणे तळहातावर घेतो, एखादा दाताखाली धरून ओल बघतो, माती-काडी बघतो, आणि मग खरा भाव निघतो. तालुक्यातल्या एकाही शेतकऱ्याने मुहूर्ताच्या भावावर हिशेब मांडून घर बांधायला काढल्याचं मी ऐकलेलं नाही. तो भाव कशासाठी असतो ते पोराटोरांनाही ठाऊक आहे. आणि २०२१ मध्ये तर सगळ्यांचे हात ताजे पोळलेले होते. ऑगस्टमध्ये सोयाबीन दहा हजारांच्या आसपास होतं, सरकारने १२ लाख टन सोयापेंडीच्या आयातीला परवानगी दिली, आणि नवा माल घरात येईस्तोवर भाव निम्म्यावर उतरला. हेच लोक दिवाळी होताच माझ्या गाळ्यात येऊन विचारत होते, “भाऊ, जीएमपी किती चालू हाय?”

जीएमपी म्हणजे ग्रे मार्केटमधला अधिभाव. शेअर बाजारात यायच्या आधी अनधिकृतपणे पुकारला जाणारा. त्याची कुठे नोंद नाही, पावती नाही, तक्रार करायला जागा नाही. मुहूर्ताच्या भावाला निदान एक गाडी माल लागतो.

बैल घेतानाही आमचा माणूस असा नसतो. बैलबाजारात तो आधी दात बघतो, दोनदाती की चारदाती की जुळलेला. मग चालवून बघतो. आणि या सगळ्याच्याही आधी विचारतो, “इकता कायले?” एवढा चांगला बैल आहे तर विकायला का काढलास? शेअरच्या बाबतीत हा प्रश्न मी इतक्या वर्षांत कोणाच्या तोंडून ऐकला नाही, आणि मीही विचारला नाही. पेटीएमच्या १८,३०० कोटींतले १०,००० कोटी कंपनीत जाणारच नव्हते. ते जुन्या भागधारकांना मिळणार होते, जे आपला हिस्सा विकत होते. विकणं हा त्यांचा हक्क आणि त्यात लपवाछपवी काही नाही. पण बैल आणि त्याचा इतिहास ज्याला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, तो आज, याच भावाला, आपल्याला विकतोय. दिवस त्याने निवडलाय. भाव त्याने नेमलेल्या मर्चंट बँकरने बांधलाय.

दुसरा मोठा गोंधळ म्हणजे एलआयसी, मे २०२२. याची तयारी आमच्याकडे फेब्रुवारीपासून सुरू झाली होती, कारण पॉलिसीधारकांच्या कोट्यात यायचं तर २८ फेब्रुवारीपर्यंत पॉलिसीला पॅन जोडायचं होतं. ज्या बायांनी बँकेचं पासबुकही स्वतः कधी भरून घेतलं नव्हतं, त्यांची डिमॅट खाती मी उघडली. भाव ९४९, पॉलिसीधारकाला ६० रुपये सूट, म्हणजे ८८९. पंधरा शेअरांचा लॉट १३,३३५ रुपयांना. इश्यू पूर्णपणे सरकारच्या हिश्शाच्या विक्रीचा, पैसे सरकारी तिजोरीत जाणार. १७ मेला शेअर बाजारात आला आणि ८७५ च्या आसपास बंद झाला. पुढच्या मार्चमध्ये साडेपाचशेच्याही खाली.

केनवडकडच्या एक काकू जूनच्या तोंडावर आल्या. पेरणीसाठी पैसे हवे होते.

“भाऊ, पॉलिसी बुडत नाई म्हणत होते ना तुमी?”

“पॉलिसी नाही बुडली काकू. ती वेगळी. हा शेअर आहे.”

“नाव तं तेच हाय ना.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. कंपनी जागच्या जागी होती, हप्ते घेत होती, दावे देत होती. बिघडलं होतं ते माझं सांगणं. मी सूट सांगितली, बाकी सांगितलं नाही. कंपनी चांगली असणं आणि तिचा शेअर त्या भावाला चांगला असणं, या दोन गोष्टी मी काकूंपुढे वेगळ्या ठेवल्याच नाहीत, कारण तेव्हा माझ्याही डोक्यात त्या वेगळ्या नव्हत्या. त्यांनी शेअर विकले आणि बियाणं घेतलं. २०२४ च्या फेब्रुवारीत तोच शेअर हजाराच्या वर गेला. थांबले त्यांचं भलं झालं, असं मला लोक सांगतात. पेरणी कशी थांबणार, हे मात्र कोणी सांगत नाही.

थांबण्याचंही एक आहेच. सेबीने २०२४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला, एप्रिल २०२१ ते डिसेंबर २०२३ मधल्या १४४ इश्यूंचा. मोठ्या अँकर गुंतवणूकदारांना वगळलं, तर बाकीच्यांना मिळालेल्या शेअरांपैकी किमतीने ५४ टक्के आठवड्याच्या आत विकले गेले. पण मला अडवलं ते दुसऱ्या आकड्याने. आठवड्यात २० टक्क्यांहून जास्त फायदा दिसला तेव्हा साध्या लोकांनी ६७.६ टक्के माल विकून टाकला, आणि तोटा दिसला तेव्हा फक्त २३.३ टक्के. म्हणजे फायद्याचं तेवढं विकलं आणि तोट्याचं जवळ ठेवलं. मी वहीतल्या शेवटच्या रकान्यावर बोट फिरवून पाहिलं. आमच्याकडेही तेच. तोट्यातल्या शेअरला आम्ही ‘लाँग टर्म’ म्हणतो.

हे सगळं कळूनसुद्धा एसएमई, म्हणजे छोट्या कंपन्यांच्या इश्यूंच्या वेळी मी पुरेसा ओरडलो नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये दिल्लीच्या रिसोर्सफुल ऑटोमोबाइलने १२ कोटींसाठी बाजारात हात पसरला. यामाहा दुचाकींची दोन शोरूम, आठ कामगार. एवढं दुकान आमच्या वाशीम रोडलाही निघेल. त्याला साधारण ४,८०० कोटींचे अर्ज आले. त्यानंतर शेअर ११७ लाच, म्हणजे ज्या भावाला दिले त्याच भावाला, बाजारात उघडले.

त्याच सुमारास शेजारचा मोबाइल दुरुस्तीवाला पोरगा आला. दुसऱ्याच एका कंपनीचा इश्यू होता. लॉटच लाख-सव्वालाखाचा, त्यासाठी त्याने बायकोची पोत पतसंस्थेत सोनेतारण ठेवली होती. लागला. पहिल्या दिवशी वर उघडला. तो मला फोन दाखवत होता आणि मी म्हणत होतो, विक. त्याला अजून हवं होतं. तिसऱ्या दिवसापासून रोज पाच टक्के खाली, खालचं सर्किट, विकायला रांग आणि घ्यायला कोणीच नाही. दुकानं बंद असलेल्या बाजारात माल घेऊन उभं राहिल्यासारखं. थोडे विकून पाहावेत म्हटलं तर तेही नाही, विकायचा तर अख्खा लॉट. सुटला तेव्हा निम्म्याहून कमी हाती आले. पोत अजून पतसंस्थेत आहे. तो माझ्यावर चिडला नाही, याचंच मला जास्त वाईट वाटतं.

तेव्हापासून मी दोन गोष्टी केल्या. कुटुंबातल्या चौथ्या-पाचव्या खात्याचे फॉर्म भरणं बंद केलं, त्यामुळे दोन-तीन घरं दुसऱ्या दुकानात गेली. आणि वहीत एक सहावा रकाना आखला. आता अर्ज भरल्यावर नाही, निकाल लागल्यावर मी तो भरतो.

परवा दुपारी एक मुलगा धापा टाकत आला, मोपचा, नुकता पोलीस भरतीतून राहून गेलेला. मोबाइल पुढे धरला.

“काका, लागला! पयल्याच झटक्यात!”

“वा. किती पट भरला होता रे?”

त्याने स्क्रीन खाली-वर सरकवली, शोधलं.

“सव्वा.”

मी सहाव्या रकान्यात सव्वा लिहिलं, वही मिटली, आणि समोरच्या टपरीवाल्याला दोन चहा सांगितले.